बाही सोडायची नाही

प्रिय सोन्या,

काल फोनवर तू म्हणालास, "त्याला नीट पडता येत नाही, त्यात माझी काय चूक?" मी जेवणाखाण्याचं विचारलं आणि फोन ठेवला. तुझ्या खोलीतली मुलं आसपास होती, त्यांच्यादेखत तुला काही बोलणं मला बरं वाटलं नाही. शिवाय हा विषय दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

जे घडलं ते तू सांगितलंस तसंच मांडते. ज्युदोच्या वर्गात रांदोरी, म्हणजे जोडीदाराशी मोकळ्या लढतीचा सराव, चालू होती. तो मुलगा तुझ्याहून लहान, वजनानं हलका, यंदाच आलेला. तू इप्पोन सेओई नागे, म्हणजे खांद्यावरून पाठीपलीकडे टाकायचा थ्रो, घातलास. तो खांद्यावर आपटला. एक्स-रेमध्ये हासळीच्या हाडाला बारीक चीर निघाली आणि डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला. थ्रो एकदम स्वच्छ बसला होता, असंही तू म्हणालास.

मला एकच विचारायचं आहे. तुझा उजवा हात त्याच्या काखेत होता, ते ठीक. डावा हात कुठे होता? त्या हातात त्याची बाही होती. तो तुझ्या पाठीवरून पलीकडे जाईपर्यंत होती, आणि मग तू ती सोडलीस. तूच म्हणालास, "थ्रो झाल्यावर सोडली." अरे, पण थ्रो झाला कधी? त्याचे पाय मॅटवरून उचलले गेले तेव्हा तो नुसता सुरू झाला होता. संपतो तो समोरचा मॅटवर नीट उतरल्यावर.

बाही शेवटपर्यंत वर ओढून धरली की पडणाऱ्याचं अंग वळतं, डोकं वर राहतं, आणि तो पाठीच्या एका अंगावर, मोकळा हात मॅटवर मारत उतरतो. बाही सुटली की त्याला अधांतरी कुणाचाच आधार राहत नाही. उकेमी, म्हणजे न लागता पडायची कला, अंगात मुरलेला खेळाडू त्यातूनही बहुतेक वेळा निभावून नेतो. नवा मुलगा घाबरून हात पुढे टेकवायला जातो, नाहीतर त्याचा खांदा आधी लागतो. म्हणजे त्याला पडता येत नव्हतं हे खरंच. पण ज्याला पडता येत नाही हे तुला ठाऊक होतं, त्याला तू उचललंस आणि अर्ध्यावर सोडलंस, हेही खरं.

हे आईचं हळवं मन बोलत नाही, नियमातच आहे. इप्पोन, म्हणजे लढत तिथेच संपवणारा पूर्ण गुण, कधी मिळतो ते तुला पाठ असेल: वेग हवा, जोर हवा, समोरचा पाठीवर पडायला हवा, आणि तो मॅटवर टेकेपर्यंत टाकणाऱ्याचा ताबा सुटता कामा नये. या शेवटच्या अटीकडे तुमच्या वयाच्या मुलांचं लक्षच नसतं, कारण आवाज वेगाचा आणि जोराचा होतो. तुझ्या त्या थ्रोला मी पंच असते तर इप्पोन दिला नसता. तो खांद्यावर पडला आणि तुझ्या हातात काही नव्हतं.

तुमच्या हॉलमध्ये ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा फोटो आहे. रोज सुरुवातीला आणि शेवटी तुम्ही त्याच्यासमोर वाकता. तो माणूस लहान चणीचा होता. शाळेत दांडगी मुलं छळायची, म्हणून त्याला जुजुत्सू, म्हणजे जपानची जुनी झुंजीची विद्या, शिकायचं होतं. १८७७ मध्ये त्याला फुकुदा हाचिनोसुके हे गुरू मिळाले. तेव्हा जपानमध्ये सामुराईंचा काळ सरला होता, जुन्या विद्यांना कुणी विचारत नव्हतं. १८८२ साली, एकविसाव्या वर्षी, कानोंनी टोकियोतल्या एइशोजी नावाच्या देवळात बारा चटयांच्या जागेत आपली शाळा काढली. कोदोकानची सुरुवात ती.

त्यांनी तिथे जे केलं ते तू नीट समजून घ्यावंस असं मला फार वाटतं. जुन्या जुजुत्सूत ठोसे होते, लाथा होत्या, सांधे मोडणारे डाव होते. असे डाव जोडीदारावर पूर्ण ताकदीनं करता येत नाहीत, कारण केले तर उद्या सरावाला जोडीदार उरत नाही. कानोंनी ते रांदोरीतून काढले आणि कातापुरते, म्हणजे आधी ठरवून केलेल्या हालचालींच्या सरावापुरते, ठेवले. रांदोरीत राहिले ते डाव असे, की दोघांनी सगळा जोर लावला तरी पडलेला उठेल, ज्युदोचा पोशाख सारखा करेल आणि पुन्हा बाही धरायला पुढे येईल. त्यामुळे कोदोकानच्या मुलांना रोज खऱ्या प्रतिकाराशी झुंजायला मिळालं. १८८० च्या दशकात पोलिसांनी भरवलेल्या सामन्यांत ती जुन्या घराण्यांच्या तयार गड्यांना भारी पडली, ती या सरावाच्या जोरावर. जोडीदार सुरक्षित राहतो म्हणून तुला पूर्ण जोर लावायची मुभा मिळते. ही मुभा त्याच्याकडून मिळालेली आहे. तो तुझ्या हाती स्वतःचं शरीर देतो, आणि तू ते परत द्यायचं असतं.

कानो पेशानं शिक्षक होते. ऑलिम्पिक समितीवर आशियातून गेलेले ते पहिले सदस्य, १९०९ मध्ये. पण त्यांचा जन्म गेला शाळा आणि शिक्षक घडवण्यात. ज्युदो आपल्याकडेही शाळेच्याच वाटेनं आला. रवींद्रनाथांनी १९२९ साली ताकागाकी शिन्झो या जपानी ज्युदो शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावलं आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवायला लावलं. त्या काळात! मला हे फार उशिरा कळलं आणि फार अभिमान वाटला.

भिंतीवर कानोंची दोन वचनं लावलेली असतात. सेइर्योकु झेन्यो, म्हणजे शक्तीचा उत्तम उपयोग. जिता क्योएइ, म्हणजे आपण आणि दुसरा, दोघांनी मिळून पुढे जाणं. पहिलं सगळ्यांना आवडतं, त्यात कमी जोरात मोठ्याला पाडायची युक्ती दिसते. दुसरं पाहुण्यांच्या भाषणापुरतं उरतं. पण कानोंनी ती जोडीनं मांडली होती, आणि दुसऱ्याशिवाय पहिलं नुसती दांडगाई होतं. ज्या दांडगाईला कंटाळून ते या वाटेला लागले, तीच.

आता जड आहे ते सांगते. तू सोळा वर्षांचा आहेस, तुला कळायला हवं. खुद्द जपानमध्ये, जिथे ज्युदो जन्मला, १९८३ पासूनच्या जवळपास तीस वर्षांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुलं दगावली. नागोया विद्यापीठाच्या रियो उचिदा या संशोधकानं हे आकडे गोळा करून लोकांसमोर ठेवले, तोवर प्रत्येक मृत्यू हा त्या त्या शाळेतला एक दुर्दैवी अपघात मानला जात होता. एकत्र ठेवल्यावर दिसलं की मरणाऱ्यांत पहिल्याच वर्षाची मुलं फार, आणि दुखापत बहुतेकदा डोक्याची. डोकं आपटायलाच हवं असंही नाही. मान जोरानं झटकली गेली तरी मेंदूभोवतीची शीर तुटून आत रक्त साठतं. ओसोतो गारीसारखा, पायात पाय घालून मागे पाडायचा, आपण पहिल्या महिन्यात शिकतो तो साधा डावसुद्धा, नवख्याला मागे जोरात टाकला की जीव घेऊ शकतो. २०१० मध्ये अशा मुलांच्या आईवडिलांनी संघटना उभी केली. त्यातल्या कितीतरी जणांना आधी हेच ऐकावं लागलं असेल, की तुमच्या मुलाला पडता येत नव्हतं.

फ्रान्समध्ये ज्युदो खेळणारे जपानपेक्षा जास्त आहेत, आणि तिथे मान्यताप्राप्त पात्रता मिळवल्याशिवाय कुणाला पैसे घेऊन शिकवता येत नाही. म्हणजे हे मरण ज्युदोत मुळातच लिहिलेलं नाही. माणसं जशी शिकवतात आणि जशी वागतात त्यातून ते येतं.

यामाशिता यासुहिरोंचे व्हिडिओ तू पुन्हा पुन्हा पाहतोस. २०३ लढतींत न हरलेला माणूस, १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये पोटरी फाटलेली असताना सुवर्णपदक घेणारा. १९८० मध्ये एका सामन्यात त्यांच्यावर कानी बासामी, म्हणजे दोन्ही पायांची कात्री घालून पाडायचा डाव, पडला आणि पाय मोडला, हेही तू पाहिलं असशील. तो डाव पुढे स्पर्धांतून बंद झाला, कारण त्यात समोरच्याला नीट पडायला वावच राहत नाही. तेच यामाशिता पुढे जपानच्या ज्युदो महासंघाचे अध्यक्ष झाले, आणि २०२२ मध्ये त्या महासंघानं प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा रद्द केली. एवढ्याएवढ्या पोरांची वजनं उतरवली जात होती, पालक आणि प्रशिक्षक पंचांवर ओरडत होते, जिंकण्यापुढे दुसरं काही दिसेनासं झालं होतं. आयुष्यात एवढं जिंकलेल्या माणसाच्या महासंघानं हा निर्णय घेतला, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. हरलेल्यानं घेतला असता तर लोक म्हणाले असते, द्राक्षं आंबट.

मी शिकले तेव्हा अशा मॅट नव्हत्या. गावातल्या व्यायामशाळेत कापसाच्या गाद्या अंथरून वर ताडपत्री ताणायची, आणि दोन गाद्यांच्या फटीत पाय अडकणार नाही इकडे लक्ष ठेवायचं. मी सगळ्यांत हलकी. आमच्यात एक ताई होती, चांगली उंच आणि भारी. ती मला रोज टाकायची, अगदी मनसोक्त, हात राखून कधीच नाही. तरी तिच्या हातून पडायला मला कधी भीती वाटली नाही. शेवटच्या क्षणी माझ्या बाहीला वर एक हिसका बसायचा आणि मी पाठीवर अलगद यायची. श्वासही अडकायचा नाही. दुसरी एक मुलगी तिच्या निम्म्या जोराची, पण टाकून मोकळी व्हायची. तिच्याशी जोडी लागली की सगळ्यांचं अंग आधीच ताठ व्हायचं. ताठ अंगाला जास्त लागतं आणि ते शिकत काहीच नाही, कारण सगळं लक्ष वाचण्याकडे लागलेलं असतं. काही दिवसांत तिच्याशी सराव करायला कुणी पुढे येईना. ताईसमोर मात्र रांग असायची. त्या रांगेमुळे ताईला आमच्या दुप्पट सराव मिळाला आणि ती जिल्ह्यात सगळ्यांच्या पुढे निघून गेली.

तुमच्या हॉलमध्ये हे नक्की बघ. जोड्या लावा म्हटल्यावर कोण कुणाकडे जातं, आणि कुणाकडे बघायचं टाळतं. तुझ्याकडे कोण येतं?

तू म्हणशील, आई, स्पर्धेत असलं कुणी सांभाळत नाही. मला ते माहीत आहे आणि स्पर्धेत मऊ हो असं मी तुला कधीच सांगणार नाही. तिथे समोरचा तुझ्या तोडीचा असतो, पडायला तयार होऊन आलेला असतो, पंच उभे असतात. तिथे पहिल्या पकडीपासून इप्पोनसाठी जा. अर्धवट हल्ला करणं हा समोरच्याचा अपमान आहे असं आमचे सर म्हणायचे, आणि मला ते पटतं. पण तिथेही ताबा सुटता कामा नये.

१९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमधली गोष्ट तुला सांगितली होती का आठवत नाही. ज्युदो पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये आला होता. निप्पोन बुदोकानमध्ये खुल्या गटाची अंतिम लढत, जपानचा कामिनागा विरुद्ध हॉलंडचा आंतोन खेसिंक. जवळपास सगळं सभागृह जपानी. खेसिंकनं कामिनागाला केसा गातामेत, म्हणजे मॅटवर दाबून धरायच्या पकडीत, धरून ठेवलं आणि पकडीची वेळ पूर्ण झाली. ज्या देशाचा खेळ, त्यांचाच माणूस त्यांच्याच घरात हरला. हॉलंडचे समर्थक आनंदानं मॅटकडे धावले. खेसिंकनं हात वर करून त्यांना जागीच थांबवलं. आधी हरलेल्यासमोर वाकणं बाकी होतं. मोठ्या विजयाच्या पहिल्याच क्षणी ज्याला समोरचा दिसतो, तो रोजच्या सरावातही त्याला पाहत आलेला असतो. ती सवय त्या दिवशी एकदम उगवत नाही.

आणि आपला कपिल परमार. मध्य प्रदेशातल्या सीहोरचा. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यानं ६० किलो गटात कांस्य जिंकलं, भारताचं ज्युदोतलं पहिलं पॅरालिम्पिक पदक. दृष्टिहीनांच्या ज्युदोत लढत सुरू होते तीच दोघांनी एकमेकांची बाही आणि कॉलर धरल्यावर. पकड पूर्ण सुटली की पंच थांबवतात, दोघांना मधे आणतात आणि पुन्हा धरायला लावतात. मी त्या लढती पाहिल्या तेव्हा वाटलं, डोळे असणाऱ्यांनी निदान एक महिना असा सराव करावा. समोरच्याचं वजन कुठे आहे, तो घाबरलाय का, त्याचा तोल कधी जातोय, हे सगळं बाहीतून कळतं. तुझा तोल बिघडवण्याचा हात, ज्याचं सर एवढं कौतुक करतात, तो याच बाहीवर असतो. ज्या हातानं पाडायचं त्याच हातानं सांभाळायचं. म्हणून म्हणते, बाही सोडणारा सभ्यपणात तर कमी पडतोच, ज्युदोतही कमी पडतो.

गेल्या महिन्यातल्या निवड चाचणीबद्दल तू माझ्याशी अजून धड बोललेला नाहीस. शेवटच्या काही सेकंदांत हातची लढत गेली, त्याचा राग तुझ्या आवाजात मला रोज ऐकू येतो. राग येऊ दे. त्या वयात नाही यायचा तर कधी यायचा? पण तो घेऊन ज्याच्यासमोर उभं राहायचं होतं, तो मुलगा दुसऱ्या जिल्ह्यात आहे. हा नवा पोरगा त्यात कुठेच नव्हता. राग आला की सरांना सांगून उचीकोमीला, म्हणजे न टाकता डाव पुन्हा पुन्हा घालायच्या सरावाला, जा. रबर ट्यूब खांबाला बांध आणि दमून जाईपर्यंत ओढ. किंवा तुझ्याहून भारी दादाची बाही धर आणि स्वतः चार वेळा पड. पडण्यानं राग फार लवकर उतरतो, हा माझा अनुभव आहे.

आता काय करायचं ते. मी त्याच्या आईला फोन केला होता. रागावतील म्हणून तयारीत होते, पण त्या माउलीनं एक अक्षर वाकडं काढलं नाही. त्यांना एकच काळजी, त्याला पुन्हा मॅटवर घेतील ना. आणि पोरगा घरी सांगतोय म्हणे, दादाचा सेओई बघायला पाहिजे होता, मला कळलंच नाही मी कधी उचललो गेलो. तुझ्यावर एवढा जीव आहे त्याचा.

तू त्याच्याकडे जा. जिन्यात भेटला म्हणून "सॉरी" टाकून पुढे जाऊ नकोस. त्याच्या खोलीत जाऊन बस, आणि मी बाही सोडली होती हे त्याला सरळ सांग. ते त्याला कळायला हवं, नाहीतर आपल्यालाच पडता येत नाही असं तो धरून चालेल आणि ते भय त्याच्या अंगात बसेल. हात गळ्यात असेपर्यंत त्याचं दप्तर तू ने, मेसमधलं ताट तू आण. डॉक्टरांनी परवानगी दिली की सरांना विचारून त्याची उकेमी तू घे. आधी झोपून, मग उकिडवं बसून, मग उभ्यानं. हनुवटी छातीला, श्वास सोडत, हात अंगापासून फार लांब नाही. घाई करू नकोस. आणि तो तयार झाला की पहिले थ्रो त्याला तुझ्यावर घालू दे. त्याच्या हातून बाही सुटेल, तुला लागेल, तेव्हा काही बोलू नकोस. उठ आणि पुन्हा त्याच्यासमोर उभा राहा.

सरांना मी फोन करणार नाही. त्यांच्याशी बोलणं तुझं काम.

रविवारी दुपारच्या गाडीनं येते आहे. चिवडा आणि तुपातले लाडू आणते, दोन डबे, एक त्याच्यासाठी. त्याला भेटायला आपण दोघं जाऊ, पण त्याआधी तू एकटा जाऊन आलेला असावास.

तुझी,
आई